माळ्यावरची जुनी गॅस शेगडी पुन्हा पेटवण्याआधी

शेगडीची ज्योत पिवळी दिसायला लागली की घरात आधी सेफ्टी पिन शोधली जाते. जेटच्या, म्हणजे बर्नरकडे गॅस सोडणाऱ्या छोट्या पितळी तोंडाच्या, भोकात ती फिरवली की ज्योत खरोखर मोठी होते, म्हणून काम झालं असं वाटतं. पुढे पातेल्यांची बुडं काळी पडायला लागतात, सिलिंडर लवकर संपतो आणि शेवटी शेगडी भंगारात जाते. पिनेने भोक मोठं झालेलं असतं. गॅस जास्त येतो, पण त्यात मिसळणारी हवा पूर्वीइतकीच राहते. मुळात दोष बहुतेक वेळा जेटमध्ये नसतोच. तो बर्नरमध्ये किंवा हवेच्या वाटेत असतो.

इथे धरली आहे ती दोन बर्नरची, स्टीलच्या अंगाची, पितळी बर्नरची, लायटरने पेटणारी शेगडी, १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर चालणारी. आई-आजीच्या काळातल्या बहुतेक शेगड्या अशाच असतात. खाली दिलेला क्रम मोडू नका. जेटला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि साबणाच्या पाण्याने तपासल्याशिवाय शेगडी पुन्हा पेटवायची नाही.

तीन गोष्टी घरी उघडायच्याच नाहीत: सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि शेगडीचे कॉक, म्हणजे बटणांमागचे गॅस सोडणारे-अडवणारे भाग. कॉकचं कारण पुढे येईलच.

टप्पा १: शेगडी वाचेल का, ते आधी ठरवा

रोजच्या वापरातली शेगडी असेल तर आधी टप्पा २ आणि ३ करा, मग इथे या. शेगडी गॅसला जोडलेली नाही ना याची खात्री करा. जाळ्या आणि बर्नर उचलून बाजूला ठेवा, ओट्यावर जुना टॉवेल पसरा आणि त्यावर शेगडी उलटी करा. पोटाखालून एक लोखंडी पाइप आडवा जातो. त्याच्या एका टोकाला रबरी नळी लागते आणि दोन्ही कॉक त्याच पाइपावर बसलेले असतात. सगळा गॅस ह्यातूनच जातो, म्हणून शेगडी ठेवायची की नाही हे हाच पाइप ठरवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याच्यावरचा गंज हलकेच खरवडा. तांबूस पूड निघाली आणि खाली सलग धातू दिसला तर हरकत नाही. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील, तर इथेच थांबा. गॅसच्या पाइपाला वेल्डिंग, पुटी किंवा टेप लावून शेगडी वापरणं हा धोका कुठल्याही आठवणीपेक्षा मोठा आहे.

मग बटणं फिरवून बघा. ‘बंद’वर बटण ठामपणे थांबायला हवं. अडकत फिरत असेल तर कॉकला ग्रीस लागेल. अगदी सैल फिरत असेल, किंवा ‘बंद’ची जागाच कळत नसेल, तर कॉक बदलावा लागेल. दोन्ही कामं दुरुस्तीवाल्याची. कॉकच्या आत निमुळती पितळी खुंटी असते आणि ती तिच्याच घरात घासून बसवलेली असते. मधला ग्रीसचा पातळ थर गॅस अडवतो. तिथे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलं तर बटण काही दिवस छान फिरतं. नंतर तेल उष्णतेने चिकट होतं, ग्रीस निघून गेलेलं असतं आणि गळती सुरू होते. एका कॉकची खुंटी दुसऱ्यात घातली तरी हाच परिणाम.

शेगडीचे रबरी पायही मोजा. चारपैकी एखादा बहुतेक हरवलेला असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पण पाय गेले की शेगडी ओट्याला टेकते, खालून येणारी हवा कमी पडते आणि नळीवर दाब येतो. नवे पाय हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात.

*तपासणी:* पाइप सलग, बटणं ‘बंद’वर थांबणारी, सांगाडा सपाट, आयएसआयचं चिन्ह जागेवर. ह्यातल्या पाइपात खोट असेल तर पुढचे टप्पे करू नका. काचेच्या शेगडीला एक जादा अट: काचेला तडा किंवा कडेला टवका असेल तर ती वापरायची नाही.

टप्पा २: शेगडी चालू असेल तर धुण्याआधी ज्योत वाचा

माळ्यावरून काढलेली शेगडी असेल तर हा टप्पा सोडा. ती तपासल्याशिवाय पेटवायची नाही. रोजच्या वापरातली असेल तर मात्र दोन्ही बर्नर मोठ्या आणि मंद आचेवर पेटवून बघा आणि जे दिसेल ते कागदावर लिहा. एकदा सगळं धुऊन काढलं की दोष कुठे होता हे कळत नाही.

निळी ज्योत, आत छोटा गडद निळा सुळका, आवाज हलका: हे निरोगी लक्षण. सगळीकडून पिवळी, लांब, लोळणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. नेमक्या काही भोकांतून ज्योत येत नसेल तर ती भोकं बुजली आहेत. ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगत असेल तर हवा किंवा दाब जास्त आहे. मंद केल्यावर ‘भक्’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरते आणि बर्नरखालून फुसफुस ऐकू येते, तेव्हा बर्नरची भोकं झिजून मोठी झालेली असतात किंवा टोपी नीट बसलेली नसते. असं झालं तर बटण लगेच बंद करा, बर्नर थंड होऊ द्या.

सिलिंडर संपत आलेला असताना निदान करू नका. तेव्हाची ज्योत फसवते.

टप्पा ३: गॅस तोडा

एक बर्नर पेटता ठेवून आधी रेग्युलेटरची कळ बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेल. मग बटण बंद करा, रेग्युलेटर काढा आणि सिलिंडरला दोरीने बांधलेली सुरक्षा टोपी घट्ट बसवा. आता नळी शेगडीपासून सोडवा.

खिडकी उघडी हवी. देवघरातला दिवा शांत झालेला हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. त्यामुळे नाकाला वास कमी आला म्हणून खाली गॅस नाही असं धरून चालू नका. वास आला तर कुठलंही विजेचं बटण दाबू नका, चालू असलेला पंखासुद्धा बंद करायला जाऊ नका. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

टप्पा ४: सुटं करा, पण डावं-उजवं वेगळं ठेवा

मोबाइलवर वरून, खालून आणि बाजूने फोटो काढा. दोन ताटं घ्या. डाव्या बर्नरचं सगळं एका ताटात, उजव्याचं दुसऱ्यात. बऱ्याच शेगड्यांत एक बर्नर मोठा आणि एक लहान असतो, आणि त्यांच्या जेटची भोकं वेगळ्या मापाची असतात. जेट किंवा बर्नर आदलाबदल झाले तर एका बाजूला आच भडकते आणि दुसरीकडे चहासुद्धा लवकर होत नाही. मग लोक शेगडीला दोष देतात.

काढण्याचा क्रम: जाळ्या, बर्नरखालच्या ताटल्या, बर्नर, मग बटणं. बटण सरळ ओढल्यावर निघतं. अडलं तर मागून कापडाची पट्टी घालून दोन्ही बाजूंनी सारखं ओढा, पक्कड लावू नका. त्यानंतर शेगडी उलटी करून हवा-गॅस मिसळणाऱ्या नळ्यांचे, म्हणजे मिक्सिंग ट्यूबचे स्क्रू सोडवा. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवा. जोर केला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो भोक पाडूनच काढावा लागतो.

मिक्सिंग ट्यूब निघाली की कॉकच्या तोंडाशी छोटं पितळी जेट दिसेल. ते आता आहे तिथेच राहू द्या. त्यावर कागदाचा बोळा किंवा जुन्या बॉलपेनचं टोपण बसवा, म्हणजे धुण्याचं पाणी आत जाणार नाही.

टप्पा ५: सफाई, धातूनुसार

सगळ्यात जास्त नुकसान ह्या टप्प्यात होतं, कारण सगळे भाग एकाच बादलीत, एकाच पाण्यात टाकले जातात. शेगडीत पितळ, स्टील, लोखंड आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियम असे चार वेगळे धातू असतात. पितळ उजळवणारं पाणी ॲल्युमिनियमला खातं.

आधी कोरडी सफाई. करपलेलं दूध, डाळीचं पाणी, तेलाचे थर लाकडी उलथन्याच्या कडेने खरवडून काढा. ह्यावर पाणी पडलं की चिखल होतो आणि तो नेमका भोकांत जाऊन बसतो.

*पितळी बर्नर.* गरम पाण्यात चिंचेचा कोळ, आमसुलं किंवा लिंबू घालून बर्नर त्यात बुडवा. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवू नका. आंबट पाण्यात फार वेळ राहिलं की पितळातलं जस्त सुटतं आणि वर गुलाबीसर तांब्याची झाक येते. ती चमक दिसते, पण पृष्ठभाग कमजोर झालेला असतो.

लिंबू आणि खायचा सोडा एकत्र ओतून फेस काढायची पद्धत फार पसरली आहे. फेस बघायला बरा वाटतो, पण आंबट आणि खार एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास साधं पाणी उरतं. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे वापरा: तेलकटपणासाठी आधी सोड्याचं गरम पाणी, ते धुऊन टाकल्यावर काळपटपणासाठी आंबट पाणी.

भिजलेल्या बर्नरची भोकं एकेक करून मोकळी करायची. त्यासाठी हिराच्या झाडूची काडी मला सगळ्यात चांगली वाटते. ती ताठ असते, तरी पितळाला ओरखडा काढत नाही. टूथपिक ओली झाली की आत मोडते. खिळा, दाभण किंवा ड्रिल वापरलं तर भोक मोठं होतं, आणि मग मंद आचेवर ज्योत आत शिरायला लागते. दोन भागांचा बर्नर असेल तर टोपी आणि बूड जिथे एकमेकांवर बसतात ती कडा आरशासारखी स्वच्छ हवी. तिथे एक कण राहिला तरी टोपी किंचित उचललेली राहते आणि कडेने ज्योत निसटते.

*मिक्सिंग ट्यूब.* ही बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. हिला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक लावू नका, पृष्ठभाग काळा पडून झिजतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि बाटली धुण्याचा लांब ब्रश एवढंच. आतून ब्रश आरपार फिरला पाहिजे. माळ्यावर पडलेल्या शेगडीत कोळ्याचं जाळं, झुरळांची अंडी, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर सापडतं. पिवळ्या ज्योतीचं हे फार मोठं कारण आहे, आणि बाहेरून ते अजिबात दिसत नाही. नळी उजेडासमोर धरून आरपार बघा.

*स्टीलचं अंग आणि ताटल्या.* भांड्यांचा साबण आणि मऊ घासणी. जुना चिकट थर असेल तर साबणाच्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर अर्धा तास पसरून ठेवा, मग पुसा. घासणं स्टीलच्या रेघांच्या दिशेने. टॉयलेट साफ करण्याचं ॲसिड काही घरांत वापरलं जातं. ते पाच मिनिटांत लख्ख करतं, पण त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज फुटतो. शिवाय ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे करू नका.

*जाळ्या.* लोखंडी असतील तर तारेची घासणी चालेल. धुऊन लगेच पुसा. जाळी बदलायची असेल तर जुनी बरोबर घेऊन जा आणि उंची जुळवा. बुटकी जाळी बसवली की भांडं ज्योतीच्या आतल्या निळ्या सुळक्यात येतं. ज्वलन अर्धवट राहतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्या वायूला वास नसतो.

टप्पा ६: वाळवा, मग पुन्हा वाळवा

बर्नर उलटे करून आपटा, पाणी झटका, उन्हात पालथे ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ऊन मिळालं नाही तर पंख्याखाली रात्रभर ठेवा. मिक्सिंग ट्यूबमध्ये उरलेला एखादा थेंबसुद्धा ज्योत उडवतो, आणि माणूस पुन्हा पिनेकडे वळतो.

टप्पा ७: आता जेट

जेटवरचं टोपण काढा. टॉर्चच्या उजेडात भोक बघा. ते एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. कोरड्या टूथब्रशने पुढचा भाग घासा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

टप्पा २ मध्ये एकाच बर्नरची पूर्ण ज्योत बारीक दिसली असेल, तरच जेट काढा. नेमक्या मापाचा पाना घ्या, कॉक दुसऱ्या हाताने घट्ट धरा आणि हलकेच फिरवा. पक्कड वापरली तर पितळाच्या कडा गोल होतात. काढलेलं जेट रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, आणि मागच्या बाजूने, म्हणजे गॅस येतो त्या बाजूने, सायकलच्या पंपाने हवा मारा. तरी मोकळं झालं नाही तर नवं जेट घ्या. त्याची किंमत किरकोळ असते. बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचा तुकडा सुटला की थेट भोकात जाऊन अडकतो.

घरी पाइपने येणारा गॅस असेल, जसा मुंबई-पुण्यात पुष्कळ ठिकाणी आहे, तर सिलिंडरची शेगडी तशीच जोडता येत नाही. पाइपचा गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी देतो, म्हणून त्याला मोठ्या भोकाचं जेट लागतं. गावाकडे उलटं होतं: शहरातून पाठवलेली शेगडी मोठ्या जेटसकट सिलिंडरला लागते आणि ज्योत हातभर वर जाते. शेगडी एका घरातून दुसऱ्या घरात गेली असेल तर ती कुठल्या गॅसवर चालत होती हे आधी विचारा. जेट बदलण्याचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

टप्पा ८: जोडणी आणि नळी

काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा, समोर फोटो ठेवून. मिक्सिंग ट्यूबचं तोंड जेटच्या बरोबर समोर, एका रेषेत यायला हवं. वाकडं बसलं की गॅसचा झोत भिंतीला लागतो आणि हवा ओढली जात नाही. बर्नर बसवल्यावर हाताने हलवून बघा, डुगडुगता कामा नये.

जुनी नळी काहीही झालं तरी पुन्हा लावू नका, ती बाहेरून कितीही चांगली दिसो. उंदरांनी कुरतडलेली जागा घडीत लपते. आत पोलादी तारांचं जाळं असलेली नारिंगी सुरक्षा नळी वितरकाकडून घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. दोन तुकडे जोडून नळी लांब करू नका. शेगडीखालून किंवा मागच्या गरम भागाला चिकटून नेऊ नका. तिला कापडी खोळही घालू नका, चीर पडली तर दिसणार नाही. नोझलवरच्या, म्हणजे नळी जिथे बसते त्या पाइपाच्या टोकावरच्या, सगळ्या खाचा झाकल्या जातील इतकी ती आत गेली पाहिजे. तोंड कडक वाटलं तर क्षणभर कोमट पाण्यात धरा. तेल लावू नका आणि काडी पेटवून शेकू नका.

सिलिंडर उभा, जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर.

टप्पा ९: साबणाच्या पाण्याची तपासणी

हा टप्पा कुणीही गाळू नये. पेटती काडी फिरवून गळती शोधणारे अजूनही आहेत, त्यांना घरातल्यांनी थांबवायला हवं.

वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण फेसाळून घ्या. दोन्ही बटणं बंद. रेग्युलेटर बसवून कळ चालू करा. ब्रशने फेस लावत जा: रेग्युलेटर आणि नळीचा जोड, नळी आणि नोझलचा जोड, आडवा पाइप, कॉक जिथे पाइपात शिरतो ती जागा, आणि बटणाखालची दांडी. प्रत्येक ठिकाणी शांतपणे थोडा वेळ बघा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो.

नंतर बटणं बंदच ठेवून बर्नर उचला आणि मिक्सिंग ट्यूबच्या हवेच्या खिडकीतून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या फटीतून, बोटाने जेटच्या तोंडावर फेसाचा पातळ पडदा लावा. तो फुगायला लागला तर कॉक बंद असूनही गॅस सोडतो आहे. ही गळती वासाने लवकर लक्षात येत नाही आणि रात्रभर चालू राहते. अशी शेगडी दुरुस्तीवाल्याकडे गेल्याशिवाय वापरू नका. तपासून झाल्यावर जेट कोरडं करा, नाहीतर साबणाचा थर भोक बुजवेल.

रेग्युलेटर बसवताना सिलिंडरच्या तोंडाशीच फस्स आवाज येत राहिला तर आतला रबरी वायसर खराब आहे. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, वितरकाला बोलवा.

टप्पा १०: पहिली ज्योत

खिडकी उघडी ठेवून एकच बर्नर पेटवा. लायटर आधी बर्नरजवळ धरा, मग बटण उघडा. नळीत हवा असल्याने पेटायला थोडा वेळ लागेल. तीन-चार सेकंदांत पेटला नाही तर बटण बंद करा, काही मिनिटं थांबा, मग पुन्हा. बटण उघडं ठेवून लायटर मारत राहिलं की साचलेला गॅस एकदम भडकतो.

सुरुवातीला ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतील. धुण्याच्या पाण्यातले क्षार आणि धूळ जळते, त्यातला सोडियम तो रंग देतो. दहा मिनिटं जळू द्या, मगच मत बनवा. त्यानंतरही सगळी ज्योत पिवळी असेल तर क्रमाने बघा: मिक्सिंग ट्यूब सरळ आहे का, हवेची खिडकी मोकळी आहे का, शेगडीला चारही पाय आहेत का. काही शेगड्यांना हवेच्या खिडकीवर फिरणारी कडी असते. ती थोडी थोडी उघडत जा, ज्योत निळी होऊन स्थिर बसेल तिथे थांबा. ज्योत बर्नर सोडून उडायला लागली तर किंचित मागे फिरवा.

आता स्वच्छ बुडाचं पातेलं ठेवून त्यात पाणी उकळा आणि बूड बघा. काजळी नसेल तर दुसरा बर्नर याच पद्धतीने घ्या. दोन्ही बर्नर मंद आचेवर दहा मिनिटं विझता, फुसफुसता कामा नयेत.

पहिल्या आठवड्यानंतर साबणाचं पाणी पुन्हा एकदा सगळ्या जोडांवर फिरवा. शेगडी रोज तापून थंड होऊ लागली की नव्याने बसवलेले स्क्रू आणि जोड थोडे हलतात. नळीवरची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, आणि दूध उतू गेलं त्या दिवशीच बर्नर उचलून पुसा.